अकरा किलोचा ठोकळा

कारखान्याच्या फाटकाशी जोडणीबाईची पिशवी उलटी केली, तेव्हा तिच्यातून जेवणाचा रिकामा डबा, चष्म्याचं घर, गुडघ्याला लावायचं मलम आणि अर्धवट विणलेला एक मोजा एवढंच पडलं. चाळीस माणसं बघत उभी होती. खाली वाकून डबा उचलून द्यायला एकही पुढे झाला नाही.

मोठ्या ठिकाणी चोरी झाली की आधी हाताखालच्या माणसाची पिशवी उलटी करायची आणि विचार नंतर करायचा. ही रीत सगळीकडे सारखीच.

ही गुरुवारी दुपारी तीनची गोष्ट. शुक्रवारी सकाळी मालकांनी वहिनींना बोलावून घेतलं.

वहिनी खाजगी तपासनीस. वीस वर्षं त्यांनी विमा कंपनीसाठी ठोकलेल्या गाड्या तपासल्या, मग नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू केलं. त्या स्वतः गाडी चालवत नसत. इतक्या चेपलेल्या गाड्या पाहिल्यावर चालवायची इच्छाच राहिली नव्हती. म्हणून त्यांचे दीर त्यांना सगळीकडे पोचवत. दीर म्हणजे भूगोलाचे निवृत्त शिक्षक, त्यांना सगळे मास्तर म्हणत. मास्तर दर दोन वाक्यांमागे एकदा "वहिनी" म्हणत, त्यामुळे तपासाच्या जागी दुसऱ्या दिवसापर्यंत शिपायापासून साहेबापर्यंत सगळेच त्यांना वहिनी म्हणायला लागत.

"संध्याकाळी पाचपर्यंत वेळ आहे," मालक म्हणाले. "पाच वाजता मी त्या बाईला पोलिसांच्या ताब्यात देणार."

"चोर ठरलाय तर मला कशाला बोलावलंत?"

"माल शोधायला. बाई तोंड उघडत नाही."

"तिनं नेलाच नसेल तर उघडून काय सांगेल?" वहिनींनी खुर्ची ओढली. "पहिल्यापासून सांगा. आमच्या भाऊजींना समजेल असं सांगा, म्हणजे मला नक्की समजेल."

मास्तरांनी वही उघडली. त्यांना राग आला नाही. ते खरंच होतं.

मालकांनी सांगितलं ते असं. सहा वर्षं खपून त्यांनी विजेवर चालणारी चार माणसांची छोटी गाडी बनवली होती. सांगाडा, मोटर, बॅटरी, सगळं याच कारखान्यात. आणि सगळ्यात महत्त्वाचा कंट्रोलर. बॅटरीतली वीज मोटरला केव्हा आणि किती द्यायची हे तो ठरवतो. कामगार त्याला ठोकळा म्हणत, कारण तो दिसायचाच तसा. ॲल्युमिनियमची पेटी, आत भाग बसवल्यावर वरून काळं रसायन ओतून घट्ट केलेली. पाणी नाही, धूळ नाही, आतलं काही दिसणं नाही. वजन अकरा किलो.

"बाकीचे हा भाग परदेशातून आणतात," मालक म्हणाले. "आमचा इथला. आमच्या जावईबापूंनी स्वतः बनवलाय."

"असे ठोकळे किती?"

"दोन. एक चाचणीच्या गाडीत आहे. दुसरा नमुना, तीन महिन्यांपूर्वी तयार झाला. सोमवारी सरकारी तपासणीवाले येतील, तो घेऊन जातील, कापतील आणि आतला प्रत्येक भाग कुठला आहे ते बघतील. 'पूर्णपणे इथे बनलेली गाडी' असा शिक्का मिळाला की महिन्याला हजार गाड्यांचं काम सुरू. आज चाळीस माणसं आहेत, वर्षभरात चारशे होतील."

"आणि चोरीला गेला तो नमुना."

"हो. बुधवारी संध्याकाळी पाचला बाईनं कपाटात ठेवून कुलूप लावलं. काल दुपारी दोनला पेटीत भरायला काढायला गेलो तर कपाट रिकामं. म्हणजे, अगदी रिकामं नाही. नकाशे तसेच होते, नशीब माझं. सगळी बनावट कागदावर आहे, गुंडाळी जागची हललेली नाही."

"किल्ल्या?"

"एक बाईकडे. दुसरी माझ्या घरी, माझ्या कपाटात. घरात आम्ही चौघंच. मी, बायको, मुलगी आणि जावई. आता घरातल्यांवर संशय घ्यायचा का?"

"मी अजून कुणावरच घेतला नाही. फाटकावर तपासणी होते?"

"सगळ्यांची. माझ्या गाडीची डिकीसुद्धा उघडतात. एक चाचणीची गाडी तेवढी उघडत नाहीत. तिचं वजन करतात. ठरलेल्या वजनापेक्षा एक किलो जास्त भरलं तरी फाटक उघडत नाही."

मास्तरांनी वहीत लिहिलं : 'बाई. किल्ली.' मग खाली रेघ मारली. त्यांच्या दृष्टीनं तपास संपला होता.

*

जोडणीबाई शेडच्या कोपऱ्यात, आपल्याच टेबलाजवळ, पण काम न करता बसली होती. पन्नाशीची, बोटांवर जुने चटके. पंधरा वर्षं तिनं जळालेल्या मोटरी पुन्हा गुंडाळायचं काम केलं होतं, मग इथे तारा जोडायला आली. शेजारी दोन बायका काम करत होत्या. त्या तिच्याकडे बघत नव्हत्या.

"तुम्ही काय विचारणार ते ठाऊक आहे," ती म्हणाली. "किल्ली माझ्याकडे होती. कपाट मीच लावलं. ठोकळा मी नेला नाही. आता लिहा काय लिहायचं ते."

"बसायला जागा आहे का?" वहिनींनी विचारलं.

बाईनं पाय मागे घेऊन स्टूल सरकवलं.

"पोलीस आज घेऊन जातील, उद्या सोडतील," बाई म्हणाली. "ते सोडतील हो. पण या गावात तारा जोडायची चार दुकानं आणि दोन कारखाने आहेत. चोर म्हणून एकदा नाव फुटलं की त्यातलं एकही दार मला उघडायचं नाही. नवरा अंथरुणाला, मुलगा दूर. हात आहेत तोवर घर आहे."

"बुधवारचं सांगा."

"पाचला ठोकळा पुसून आत ठेवला, कुलूप लावलं, निघाले. निघताना नेहमीसारखा गुडघा त्या बादलीवर आपटला."

कपाटाशेजारी भिंतीला आगीसाठीच्या चार लाल बादल्या टांगलेल्या होत्या. गुडघ्याच्या उंचीवर, कुणाच्याही वाटेत येतील अशा.

"रिकामी बादली तरी कमी लागते," मास्तर सहानुभूतीनं म्हणाले.

"रिकामी नाही, भरायला चार बोटं कमी. चारही तशाच. वर्षभर ओरडतेय, बॅटरीचं काम आहे, वाळू भरून ठेवा. कोण ऐकतंय? गुरुवारी सकाळी आले तर काठोकाठ. म्हटलं, देवाला दया आली. दुपारी कळलं कसली दया ते."

वहिनी उठल्या. एका बादलीतली वाळू त्यांनी मुठीत घेतली. बारीक, चाळलेली, पांढरट. मग कोपरापर्यंत हात घातला आणि तळातली मूठ वर काढली. ती जाडी होती, तिच्यात लोखंडाचा कीस आणि विडीची दोन थोटकं.

"वहिनी, हात घाण झाले," मास्तर म्हणाले.

"धुता येतात." त्यांनी बाईला विचारलं, "हा ठोकळा बनवताना तुम्ही काय करायचात?"

"बाहेर चार जाड तारा जोडायच्या. आतलं सगळं जावईबापू करणार, त्यांच्या खोलीत, आतून कडी लावून. आम्हाला मिळायचा तो काळा भरलेलाच. तीन वर्षांत आतली एक तार दिसली नाही मला. एकदा म्हटलं, बापू, दाखवा तरी. तर म्हणाले, बाई, तुम्ही गुडघ्याला मलम लावा."

शेजारच्या दोघींपैकी एक फसकन हसली आणि गप्प झाली.

*

चाचणीची गाडी त्याच शेडमध्ये, बादल्यांच्या भिंतीजवळ उभी होती. चालकाची जागा सोडून तिन्ही जागांवर वाळूच्या दोन-दोन पिशव्या पट्ट्यांनी बांधल्या होत्या.

"हे माझे प्रवासी," गाडी चालवणारा उस्ताद म्हणाला. "बडबडत नाहीत, काच खाली कर म्हणत नाहीत. एकेक पिशवी बत्तीस किलो. दोन मिळून एक माणूस. आठवडाभर गाडीतच असतात. आज चोरीमुळे गाडी बाहेर काढली नाही."

"रोजचा रस्ता?"

"सकाळी आठला निघायचं. साठ किलोमीटरवर पेट्रोल पंप आहे, तिथून वळायचं. बाराला परत. लोक हसतात, विजेची गाडी आणि पेट्रोल पंपावर मुक्काम. पण चहा तिथेच मिळतो."

"मुक्काम म्हणजे?"

"वीस मिनिटं. गाडी निवायला हवी. तेवढ्यात बॅटरीचे आकडे टिपून घेतात. मी किल्ली त्यांना देतो आणि चहाला जातो. रोज ती शिकाऊ मुलगी येते आकडे घ्यायला. काल जावईबापू स्वतः आले होते. म्हणाले, तिला आज दुसरं काम दिलंय."

"बुधवारी तुम्ही इथे किती वाजेपर्यंत होतात?"

"चारला सुटलो. गुरुवारी आठला आलो, बाई होतीच टेबलावर. गाडीत बसलो, निघालो."

मास्तरांनी वहीत 'बाई' खोडून 'उस्ताद' लिहिलं. मग विचार करून 'उस्ताद आणि बाई' लिहिलं. फाटकाकडे जाताना त्यांनी हळूच विचारलं, "वहिनी, दोघं मिळून तर नाहीत?"

"तुम्हाला कसं वाटतं?"

"मला काहीच वाटत नाही. बाई बोलते तेव्हा ती खरी वाटते, उस्ताद बोलतो तेव्हा तो. आता तिसरा खरा वाटायला लागला तर चोर उरायचाच नाही."

*

तिसरा काटेकाका. फाटकाशी जमिनीत बसवलेला वजनकाटा आणि त्याच्याशेजारी काकांची टपरीएवढी खोली. साठीचा माणूस, तीस वर्षं गाड्या तोलत आलेला. आधीच्या कारखान्यात पेट्रोलच्या, इथे विजेच्या.

रजिस्टर स्वच्छ होतं. बुधवारी शेड सात वाजता बंद, शेवटचे बाहेर पडले जावईबापू, झडती झाली, काही नाही. गुरुवारी सकाळी साडेसातला पहारेकऱ्यानं शेड उघडलं. त्याच वेळी जावईबापू स्वतःच्या गाडीतून फाटकाशी आले, आत न जाता पुढे पंपाकडे गेले, तरी नियमाप्रमाणे डिकी उघडून पाहिली, काही नाही. आठला चाचणीची गाडी बाहेर, वजन चौदाशे शहाऐंशी. अगदी ठरल्याप्रमाणे.

"काका, गाडी परत येतानाचं वजन इथे नाही."

"जावईबापूंनी बंद केलं ते. म्हणाले, परतीच्या वजनाचा उपयोग नाही, उगाच पाच मिनिटं जातात. म्हटलं बरं. पण हाताला सवय ना. गाडी आली की मी तोलतोच. माझ्या वहीत लिहितो, सरकारी कागद खराब करत नाही."

"बघू वही."

काकांनी उशीखालून वही काढली. सात दिवसांचे आकडे होते. पहिले सहा दिवस जाताना चौदाशे शहाऐंशी, येताना चौदाशे शहाऐंशी. सातव्या दिवशी, म्हणजे काल, जाताना चौदाशे शहाऐंशी, येताना चौदाशे पंचाहत्तर.

"सहा दिवस काटा रुसला होता बघा," काका म्हणाले. "एकशेवीस किलोमीटर पळून गाडी येते आणि वजन तेवढंच? तीस वर्षांत असं झालं नाही. तेल घातलं, खालची माती काढली, शेवटी परवा एक लाथ घातली. काल आला ताळ्यावर."

"लाथेला पर्याय नाही," मास्तर म्हणाले. "आमच्या गाडीचंही तसंच. लांब गेलं की टाकी रिकामी, गाडी हलकी."

"साधं गणित आहे."

"अगदी साधं."

दोघं एकमेकांकडे बघून हसले. वहिनींनी त्या पानाचा फोटो काढला.

*

जावईबापूंची खोली शेडच्या वर होती. पांढरी, थंड, नीटनेटकी. ते स्वतःही तसेच. त्यांनी मास्तरांना पाय पुसून आत यायला सांगितलं.

"मला बाईबद्दल वाईट वाटतं," ते म्हणाले. "पण हे काम स्पर्धकांचं आहे. त्यांनी तिला गाठलं असणार. असे लोक पटकन फुटतात."

"कसे लोक?"

"म्हणजे, गरजू."

वहिनी टेबलाशी उभ्या होत्या. टेबलावर सोल्डरिंगची, म्हणजे धातू वितळवून तारा जोडायची, हत्यारं रांगेत मांडलेली. फळीवर सोल्डरच्या तारेची सहा रिळं, सहाही कंपनीच्या मूळ वेष्टनात बंद. त्यांनी एक उचलून खालची तारीख वाचली. एकवीस महिन्यांपूर्वीची.

"नेहमी इथूनच रिळं घेता?"

"एकदम मागवून ठेवतो. का?"

"काही नाही. आतलं सगळं काम तुम्ही एकटेच करता?"

"गुप्ततेसाठी. आणि खरं सांगू? खालच्या लोकांना त्यातलं काही कळत नाही."

"काल सकाळी?"

"साडेसातला निघालो. नऊ ते दहा पंपावर होतो, तिथून दुसऱ्या कामाला गेलो, दुपारी आलो. चोरीच्या वेळी मी साठ किलोमीटर लांब होतो. पंपावरच्या पोऱ्यापासून मालकापर्यंत सगळे सांगतील."

"चोरीची वेळ कुणालाच माहीत नाही," वहिनी म्हणाल्या. "पण तुम्ही पंपावर होतात, हे मी मानते."

जिन्यावरून उतरताना मास्तर अगदी हैराण झाले होते.

"वहिनी, आता माझं डोकं चालेनासं झालंय. किल्ली बाईची. गाडी उस्तादाची. काटा काकांचा, आणि तो मध्येच बिघडतो, मध्येच सुधारतो. एकटे जावईबापू कशातच नाहीत. आणि ठोकळा तर फाटकातून गेलाच नाही, पण आत सापडतही नाही. मग तो आहे कुठे?"

"पाच वाजायला तास आहे," वहिनी म्हणाल्या. "सगळ्यांना गाडीपाशी बोलवा. काकांना सांगा, पोती तोलायचा छोटा काटा घेऊन या."

*

मालक घड्याळ बघत आले. जावईबापू हात बांधून उभे राहिले. बाईच्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी होती. बाकीचे कामगार लांब, यंत्रांजवळ, काम करत असल्यासारखे.

"काका, या सहा पिशव्या एकेक करून तोला," वहिनी म्हणाल्या.

उस्तादानं पट्टे सोडले. पहिली बत्तीस. दुसरी बत्तीस. तिसरी, चौथी, पाचवी बत्तीस. मागच्या सीटवरची शेवटची उचलताना उस्ताद थबकला.

"ही हलकी आहे."

"एकवीस," काका म्हणाले.

मालक पुढे आले. "म्हणजे?"

"म्हणजे तुमचा नमुना या पिशवीत बसून फाटकातून गेला. अकरा किलो वाळू काढली, अकरा किलोचा ठोकळा आत घातला. गाडीचं वजन जिथल्या तिथे. तुम्हीच म्हणालात, ही गाडी उघडत नाहीत, तोलतात."

"पण मग काढलेली वाळू?" मास्तरांनी विचारलं.

"तुमच्या पाठीमागे."

मास्तर वळले आणि त्यांचाही गुडघा बादलीवर आपटला.

"वर पिशवीतली चाळलेली वाळू, खाली जुनी. चार बादल्यांत वाटली की कुणाला कळत नाही. बाईंना कळलं, कारण वर्षभर त्या एकट्याच या बादल्यांकडे बघत होत्या."

"हे सगळं बाईनंही केलं असेल," जावईबापू म्हणाले. "पिशवीत काहीही असो, बाहेर गेलं हे कशावरून? वाळू कुणी नुसतीच काढली असेल."

"भाऊजी," वहिनींनी विचारलं, "या गाडीत जळतं काय?"

"जळतं म्हणजे... पेट्रोल. नाही. पेट्रोल नाही." मास्तर थांबले. "काय जळतं?"

"काहीच नाही. पेट्रोलची गाडी पळून आली की हलकी होते. बॅटरी रिकामी झाली तरी तेवढीच जड राहते. सहा दिवस जाताना आणि येताना एकच वजन भरलं, कारण ते तसंच भरायला हवं. काकांना वाटलं काटा बिघडला. सातव्या दिवशी गाडी अकरा किलोंनी हलकी होऊन आली. काकांना वाटलं काटा सुधारला."

काटेकाका फाटकाकडे बघू लागले. "म्हणजे मी चांगल्या काट्याला लाथ मारली."

"तीस वर्षांची सवय आहे. त्या सवयीनंच चोर पकडला. ज्याला या गाडीची खरी माहिती आहे, त्याला परतीचं वजन निरर्थकच वाटणार. त्यानं ते बंदही करून टाकलं होतं. काका तरी तोलतात, हे त्याला माहीत नव्हतं. नाहीतर येताना पिशवीत चार दगड टाकायला कितीसा वेळ लागतो?"

सगळ्यांच्या माना हळूहळू एकाच दिशेला वळल्या.

"बुधवारी पाचला बादल्या चार बोटं कमी होत्या. गुरुवारी शेड उघडताच बाई आल्या, तेव्हा भरलेल्या. उस्ताद चारलाच गेले होते, बाई पाचला. सातपर्यंत शेडमध्ये राहिले ते एकटे जावईबापू. सासऱ्यांच्या कपाटातली किल्ली घरच्याच माणसाला मिळणार. आणि पंपावर उस्ताद चहाला गेल्यावर वीस मिनिटं गाडीची किल्ली कुणाच्या हातात होती, ते उस्तादांनी सांगितलं, आणि आपण पंपावर होतो, हे जावईबापूंनी स्वतःच मला अभिमानानं सांगितलं."

"मूर्खपणा आहे," मालक म्हणाले. त्यांचा आवाज मात्र आधीसारखा राहिला नव्हता. "स्वतःची वस्तू कोण चोरेल? सोमवारी त्याचंच नाव होणार होतं."

"मलाही तेच कोडं होतं. उत्तर तुमच्या कपाटात आहे. ठोकळा विकायला नेणारा चोर नकाशे मागे ठेवेल? नकाशे मिळाले तर असे हजार ठोकळे बनतात. ते तसेच राहिले, कारण चोराला ठाऊक होतं की त्यावरून ठोकळा बनत नाही. आणि वरच्या खोलीत सोल्डरची सहा रिळं आहेत, एकवीस महिन्यांपूर्वीची, एकही फोडलेलं नाही. नमुना तीन महिन्यांपूर्वी बनला म्हणता. सोल्डरशिवाय?"

उस्तादानं मान वर करून जावईबापूंच्या खोलीकडे पाहिलं.

"तो इथे बनलाच नाही. बाहेरून आणला, इथल्या पेटीत बसवला, वर काळं ओतलं. सोमवारी तो कापला जाणार होता. म्हणून तो सोमवारच्या आत नाहीसा व्हायला हवा होता. विश्वास नसेल तर गाडीत दुसरा आहे. कापा."

मालकांनी उस्तादाकडे पाहिलं. "करवत आण."

"नको," जावईबापू म्हणाले.

त्यांनी बांधलेले हात सोडले. मग एकदम बोलायला लागले, आणि त्यांची मराठी नेहमीसारखी इस्त्रीची राहिली नव्हती.

"सतरा बनवले. सतराच्या सतरा जळले. तुम्ही तारीख जाहीर करून बसला होता. तुम्हाला विचारलं, वर्ष वाढवून द्या, तर म्हणालात, जावयानं नाक कापू नये. मग एक बाहेरून मागवला, मग दुसरा. म्हटलं, तोवर आपला होईल. नाही झाला."

"नमुना कुठे आहे?"

"पंपापुढच्या पुलावरून टाकला."

"आणि बाई?" वहिनींनी विचारलं. "पाच वाजता त्यांना नेणार होते."

जावईबापू म्हणाले, "मला वाटलं, पुरावा नाही म्हणून सुटेल."

बाईनं त्यांच्याकडे पाहिलं. मग पाठ फिरवली.

मालक वहिनींना बाजूला घेऊन गेले, पण इतके लांब नाही की बाईला ऐकू येऊ नये. असली माणसं हाताखालच्यांना कान असतात हे विसरतात.

"हे इथेच राहू द्या. मी बाईची तक्रार करत नाही, संपलं. तपासणीवाल्यांना सांगू, नमुना चोरीला गेला, चोर मिळाला नाही. मुदत मिळेल. चाळीस घरं आहेत या कारखान्यावर."

"एक्केचाळीस," बाई मागून म्हणाली. "चोरी झाली, चोर मिळाला नाही आणि किल्ली माझ्याकडे. मग लोकांनी काय समजायचं, साहेब?"

"तुला कामावर ठेवतो म्हणतोय ना."

"पिशवी चाळीस जणांसमोर उलटी केलीत. सुलटी कानात करता?"

मालकांनी वहिनींकडे पाहिलं.

"मी जे पाहिलं ते अहवालात लिहिणार," वहिनी म्हणाल्या. "तो फाडायचा असेल तर तुमच्या हातानं फाडा. मात्र माझ्याकडे दुसरी प्रत राहील."

मालक शेडच्या मध्यापर्यंत चालत गेले. यंत्रं एकेक करून बंद झाली.

"चूक झाली," ते म्हणाले. "बाईचा काही दोष नाही."

"कुणाची चूक?" बाईनं विचारलं.

"जावयाची."

ती हलली नाही. चाळीस माणसंही हलली नाहीत. मास्तरांना वाटलं, आता मालक ओरडतील, सगळ्यांना हाकलतील. तसं काही झालं नाही.

"आणि माझी," मालक म्हणाले.

शेजारच्या दोघींपैकी एकीनं बाईचं स्टूल पुढे सरकवलं. बाई त्यावर बसली नाही. ती जावईबापूंसमोर जाऊन उभी राहिली.

"ते सतरा जळलेले कुठे आहेत?"

"वर. खालच्या कप्प्यात."

"फेकले नाहीत?"

"नाही फेकवले."

"आणा."

त्यांनी सासऱ्यांकडे पाहिलं. सासरे जमिनीकडे बघत होते. मग जावईबापू वर गेले आणि मोठं खोकं घेऊन खाली आले. बाईनं टेबलावरचं सगळं बाजूला सारलं, चष्मा लावला आणि ठोकळ्यांच्या आतल्या जळलेल्या पाट्या ओळीनं मांडल्या. सगळ्यांवर काळा डाग होता. डाग लहानमोठे होते, पण कोपरा एकच.

"सगळे इथेच जळलेत," ती म्हणाली. "सतराही. मोटरीसुद्धा अशाच जळतात, उष्णता बाहेर जायला वाट नसली की. कुणाला दाखवले होते हे?"

"कुणालाच नाही."

बाईनं एक पाटी उचलून उजेडाकडे धरली. उस्ताद, काटेकाका, त्या दोघी, सगळे टेबलाभोवती गोळा झाले. मालकही आले. त्यांना पुढे जागा कुणी करून दिली नाही, म्हणून ते मागूनच डोकावले.

"होईल का?" त्यांनी विचारलं. "सोमवारी मी त्यांना काय सांगू? किती दिवस लागतील?"

"साहेब," बाई पाटीवरून नजर न काढता म्हणाली, "आधी बघू तर द्या."